माळवद गळतंय? भर पावसात वर माती टाकू नका

परभणी : झड लागली की गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूरकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत आधी किलचातून माती झडते, मग थेंब पडायला लागतात. बहुतेक जण दोन घमेली माती घेऊन वर चढतात. धोका तिथंच आहे.

हिशेब करा. १० बाय १० ची खोली, वर एक फूट माती, म्हणजे १०० घनफूट. पुरी एक ब्रास! कोरडी असताना वजन साधारण साडेचार टन. भिजली की अर्धा-एक टन वाढतो. दरवर्षी थर चढवत गेलेल्या घरांत तर माती दीड फुटावर गेलेली असते. तुळई तीच, आजोबांच्या काळातली.

आधी पन्हाळ मोकळी करा. माळवदावर डबकं साचू देऊ नका. गवत मुळासकट उपटू नका, भोक पडतं. सध्या विळ्यानं कापा. वर एकानंच जायचं, तेही भिंतीच्या कडेनं. ताडपत्री टाकली तर उघडीप मिळताच काढा, नाहीतर ओल आतच राहते आणि लाकूड कुजतं. मातीवर सिमेंटचा कोबा करणाऱ्यांचंही तेच होतं. वरून कोरडं, आतून सडलेलं.

तुळईचं टोक भिंतीत जातं तिथं पेचकस टोचून बघा. सहज रुतला तर खालून टेकू द्या आणि मिस्त्रीला दाखवा. तुळई वाकली, करकर आवाज आला, भिंतीला पोट आलं किंवा दार अचानक अडकायला लागलं, तर त्या खोलीत रात्री झोपू नका. शाळेत, समाजमंदिरात जा. वायरिंगवर पाणी उतरलं असेल तर मेन स्विच बंद.

माळ्यावरची ज्वारी-सोयाबीनची पोती खाली उतरवा, ऊन पडलं की पसरा.

माती खरवडून जुना थर कमी करणं, नवी पांढरी माती उतार देऊन चोपणं, ही कामं उन्हाळ्यातली.

पडझड झाली असेल तर आवरण्याआधी फोटो काढा आणि तलाठी, ग्रामसेवकांना कळवून पंचनामा करून घ्या. २०२२-२३ ते २०२५-२६ साठीच्या केंद्राच्या निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या कच्च्या घराला ४,०००, पक्क्याला ६,५०० रुपये आणि सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये धरलेत. गोठा पडला असेल तर तोही पंचनाम्यात लिहून घ्या, त्याचे ३,००० वेगळे आहेत.