धूम्रपान आणि हिरड्यांचे विकार

सिगारेट, बिडी इत्यादींच्या धूम्रपानाने हिरड्यांची व दातांना आधार देणाऱ्या हाडाची हानी होते, हे आता निर्विवाद मानले जाते. परंतु ते मान्य होण्यास अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला.

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) सैनिकांमध्ये हिरड्यांचा वेदनायुक्त, व्रणकारक शोथ (दाहयुक्त सूज) इतका आढळला की, त्यास ‘खंदक-मुख’ असे नाव पडले. तो सांसर्गिक समजला जाई. अपुरी झोप, मानसिक ताण, अस्वच्छ मुख व सततचे धूम्रपान ही सर्व खंदकात एकत्रच नांदत असल्याने दोष कशाला द्यावा, हे ठरविणे अवघड होते. डॅनिश मुखविकृतिवैज्ञानिक येन्स पिंडबोर्ग यांनी १९४७ मध्ये डेन्मार्कच्या नौसैनिकांच्या तपासणीवरून या विकाराचा तंबाखूशी असलेला संबंध संख्याशास्त्रीय रीत्या दाखविला. (याच पिंडबोर्ग यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता यांच्यासह भारतातील तंबाखूसेवनाचा अभ्यास केला, महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांच्या तपासणीचा त्यांचा वृत्तांत १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लक्ष अर्थातच मुखाच्या कर्करोगाकडे होते.)

मध्यंतरी हा धागा मागे पडला. हाराल्ड लो व त्यांचे सहकारी यांनी १९६५ मध्ये दात घासणे थांबविलेल्या निरोगी व्यक्तींत दोन-तीन आठवड्यांत हिरड्यांचा शोथ उत्पन्न करून दाखविला आणि दातांवरील जंतुयुक्त थर हेच मूळ कारण ठरले. त्यामुळे धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्या खराब असतात, त्या केवळ त्यांचे दात अधिक अस्वच्छ असल्यामुळे, असा निष्कर्ष १९७१ मध्ये ऑब्री शीहॅम यांनी काढला. तो त्या काळी तर्कसंगत होता, पण अपुरा होता.

१९८० नंतर स्वीडनमधील यान बेरिस्ट्रम व त्यांचे सहकारी यांनी मुखाची निगा उत्तम राखणारे व्यावसायिक वादक तपासले. त्यांच्यातही धूम्रपान करणाऱ्यांचे दातांभोवतीचे हाड अधिक झिजलेले आढळले. त्याहून विलक्षण गोष्ट १९८६ च्या प्रयोगात दिसली : दातांवरील थर सारखाच असूनही धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्या कमी लाल होतात व कमी रक्तस्राव करतात. रक्त येणे ही रोग्यास कळणारी पहिली सूचना होय. तीच दडपली गेल्याने हिरड्या वरवर घट्ट व निरोगी भासतात आणि आत हाड झिजत राहते. कित्येकदा दात हलू लागल्यावरच रोगी वैद्याकडे येतो. निकोटिनामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, एवढेच स्पष्टीकरण पूर्वी दिले जाई. श्वेत कोशिकांच्या जंतुभक्षण-कार्यात बिघाड होतो व ऊतकांची (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकासमूहांची) भरून येण्याची शक्ती मंदावते, ही कारणे आता अधिक महत्त्वाची मानतात.

अमेरिकेतील १९८८–९४ च्या राष्ट्रीय पाहणीच्या २००० मधील विश्लेषणात, धूम्रपान करणाऱ्यांत परिदंतशोथाचा (दाताभोवतीच्या आधार-ऊतकांच्या शोथाचा) संभव कधीही धूम्रपान न केलेल्यांच्या सुमारे चौपट आढळला. २००४ मधील अमेरिकी महाशल्यचिकित्सकांच्या अहवालाने हा कार्यकारणसंबंध मान्य केला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात दिवसाला दहा वा अधिक सिगारेटी ओढणाऱ्यांचा रोग सर्वांत वेगाने वाढणाऱ्या श्रेणीत धरला आहे. धूम्रपान सोडल्यावर हिरड्यांतून रक्त येण्याचे प्रमाण काही आठवड्यांत वाढू शकते. रोगी त्याने घाबरतो, वास्तविक दडपलेली प्रतिक्रिया परतल्याचे ते चिन्ह असते. झिजलेले हाड मात्र आपोआप भरून येत नाही.