१३ फेब्रुवारी : रॉबी विल्यम्सचा जन्म

चिनीमातीच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट इथे १९७४ साली आजच्या दिवशी गायक रॉबी विल्यम्सचा जन्म झाला. सोळाव्या वर्षी तो मँचेस्टरच्या ‘टेक दॅट’ या बॉय बँडमध्ये दाखल झाला. पाचांतला सर्वांत धाकटा आणि सर्वांत व्रात्य. दारू-ड्रग्जपायी इतरांशी खटके उडाले आणि जुलै १९९५ मध्ये तो बाहेर पडला. ‘लाइफ थ्रू अ लेन्स’ हा पहिला एकल अल्बम १९९७ साली आला, पण खप जेमतेम. पोरगा संपला, असंच अनेकांनी गृहीत धरलं होतं. डिसेंबरात त्यातलंच ‘एंजल्स’ स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालं आणि चित्र पालटलं. हे गाणं ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापलीकडे गेलं नाही, तरी अल्बमला त्याने पहिल्या स्थानी नेलं. ऑगस्ट २००३ मध्ये नेबवर्थला तीन रात्रींत पावणेचार लाख लोक त्याला ऐकायला जमले. आवाजापेक्षा बेधडक वावर आणि स्वतःचीच टर उडवण्याची वृत्ती, हेच त्याचं खरं भांडवल. २०१० मध्ये तो काही काळ जुन्या सवंगड्यांकडे परतलाही. सर्वाधिक ब्रिट पुरस्कारांचा विक्रम त्याच्या नावावर आहे. अमेरिकेने मात्र त्याला कधीच फारशी दाद दिली नाही.