जुन्या गाडीचे गिअर ऑइल बदलताय? आधी हे वाचा

पनवेल : तालुक्यातल्या गावांत आजही जुन्या जीप, मिनिडोर आणि टेम्पो भाजीपाला, भाताच्या गोणी आणि माणसांची ने-आण करतात. इंजिन ऑइल वेळेवर बदलले जाते, गिअरबॉक्सची आठवण मात्र गिअर अडायला लागल्यावरच होते. बोरघाट उतरताना गाडी गिअरवर रोखावी लागते. तिथे गिअर निसटला तर सगळा भार ब्रेकवर येतो.

पावसाळ्यात काय होते?
गिअरबॉक्सला हवेसाठी छोटी वाट असते, तिला ब्रीदर म्हणतात. साचलेल्या पाण्यातून गाडी नेली की तापलेला गिअरबॉक्स एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. पाणी मिसळलेले ऑइल दुधाळ दिसते. तसे दिसले तर किलोमीटर भरायची वाट न बघता लगेच बदलावे.

कोणते ऑइल घालावे?
गाडीच्या पुस्तिकेत दिलेलेच. पुस्तिका नसेल तर मॉडेल सांगून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा. बऱ्याच जुन्या गाड्यांना ८०डब्ल्यू-९० किंवा ईपी-९० चालते, पण डब्यावर जीएल-४ की जीएल-५ तेही बघा. काही जीएल-५ ऑइलमधली रसायने गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगा खातात. पुस्तिकेत जीएल-४ असेल तर ‘भारी’ म्हणून जीएल-५ घालू नये.

बदलायचे कसे?
१. गाडी १०-१५ मिनिटे चालवा. कोमट ऑइल पटकन उतरते.
२. सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका.
३. आधी वरचा भरायचा बोल्ट सैल करा. तो जाम असेल आणि खालून ऑइल आधीच सोडले, तर गाडी तिथेच अडकते.
४. खाली घमेले ठेवून ड्रेन बोल्ट काढा, ऑइल पूर्ण गळू द्या.
५. बोल्टवर बारीक करडा चिखल असेल तर ती नेहमीची झीज. धातूचे तुकडे निघाले तर मेकॅनिकला दाखवा.
६. नवीन वायसर टाकून ड्रेन बोल्ट बसवा. भरायच्या भोकाच्या काठापर्यंत ऑइल येईपर्यंत भरा. जास्त भरले तर सीलमधून गळते.
७. फोर-व्हील जीपमध्ये ट्रान्सफर केसचे ऑइलही तपासा.

दोन-तीन दिवस चालवल्यावर खाली थेंब पडतात का, ते पाहा.

जुन्या ऑइलचे काय करायचे?
ओढ्यात, गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका. वापरलेले ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांत येते. वाळवी लागू नये म्हणून ते लाकडाला फासायची पद्धत आहे, पण पावसात तेच धुऊन शेतात उतरते. झाकणाच्या डब्यात भरून, अधिकृत पुनर्वापर केंद्राला ऑइल देणाऱ्या गॅरेजमध्ये जमा करा.