मेंदूला रक्त कमी पडेल का?



भारतातून आई-बाबा आले की त्यांच्या बॅगेत सहा महिन्यांच्या गोळ्या असतात. आणि एखाद्या सकाळी बाबा म्हणतात, "काल उठताना गरगरलं. बीपीच्या गोळीनं मेंदूला रक्त कमी पडतंय बहुतेक. आज घेत नाही."

ही भीती एकट्या बाबांची नाही. एके काळी मोठमोठ्या डॉक्टरांनाही ती होती. वयाबरोबर रक्तवाहिन्या अरुंद होतात, मग त्यांतून रक्त पुढे ढकलायला दाब जास्त लागणारच, अशी समजूत होती. १९३१ मध्ये लिव्हरपूलच्या एका नामांकित प्राध्यापकांनी तर म्हटलं होतं की, रक्तदाब वाढल्याचं कळणं हाच रुग्णाला मोठा धोका, कारण मग कोणीतरी मूर्ख तो उतरवायला जातो!

त्या काळात चांगलं औषधही नव्हतं. मार्च १९४४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब १८६/१०८ होता. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथे त्यांचं डोकं असह्य दुखू लागलं आणि काही तासांत मेंदूतल्या रक्तस्रावानं ते गेले. वय अवघं ६३.

मग मेंदूला रक्त नक्की किती जातं, हे मोजलं कोणी? फिलाडेल्फियाच्या सेमूर केटी यांनी. माणसाला नायट्रस ऑक्साइड हा वायू हुंगायला देऊन, मेंदूकडे जाणाऱ्या आणि तिथून परतणाऱ्या रक्तात तो किती आहे, हे ते तपासत. १९४८ मध्ये दिसलं की रक्तदाब जास्त असलेल्यांच्या मेंदूतही रक्तप्रवाह इतरांइतकाच असतो, दर १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर. म्हणजे जास्त दाबानं मेंदूला जास्त रक्त मिळत नव्हतं.

पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीनं रक्तदाब उतरतो, हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये जगापुढे मांडलं. १९५८ मध्ये क्लोरोथायझाइड ही लघवी वाढवणारी गोळी आली. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या चाचणीत खोटी गोळी घेणाऱ्या ७० जणांत २७ जणांना गंभीर त्रास झाला. औषध घेणाऱ्या ७३ जणांत फक्त दोघांना.

मग भीती खोटीच होती का? पूर्ण नाही. मेंदूच्या बारीक धमन्या नळासारख्या वागतात: दाब वाढला की आवळतात, कमी झाला की सैलावतात. पण वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं असेल, तर त्यांना वरच्याच दाबाची सवय लागते. १९७३ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी हे मोजून दाखवलं. अशा माणसाचा दाब एकदम खाली आणला तर रक्त खरंच कमी पडतं. बीपी चढलं की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची पद्धत आठवते? तिनं काहींना पक्षाघात झाला. १९९६ मध्ये डॉक्टरांनीच ती थांबवा म्हणून लिहिलं.

हळूहळू उतरवलं, तर धमन्यांनाही नव्या दाबाची सवय होऊ शकते. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीतले एमआरआय पाहिले गेले. बीपी जास्त काटेकोरपणे उतरवलेल्यांच्या मेंदूतला रक्तप्रवाह घटला नव्हता, उलट थोडा वाढलेला होता.

तेव्हा बाबांना चक्कर आली, तर ती हसण्यावारी नेऊ नका. उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसवा, बसल्यावर आणि उभं राहिल्यावर असं दोनदा बीपी मोजा, आकडे लिहा आणि डॉक्टरांना फोन करा. गोळी किंवा तिचं प्रमाण बदलता येतं. पण बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर वाट न पाहता ॲम्ब्युलन्स बोलवा. आणि गोळी आपल्या मनानं बंद करू नका. रूझवेल्टना ती मिळालीच नव्हती. बाबांच्या बॅगेत ती आहे.