अग्नीने राखले, पाण्याने झाकले

मेश्वो नदीच्या काठी, शामळाजीजवळ देवनी मोरी येथे विटांचा एक प्राचीन बौद्ध स्तूप होता. ती भूमी धरणाच्या जलाशयात बुडणार होती. म्हणून १९६० ते १९६३ या काळात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयातर्फे र. ना. मेहता आणि एस्. एन्. चौधरी यांनी तेथे उत्खनन केले. भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती मिळाल्या. बुद्धाचे देहावशेष आत असल्याचे सांगणारा लेख कोरलेला दगडी करंडकही मिळाला.

शतकानुशतकांच्या पावसात या मूर्ती टिकल्या कशा? उन्हात वाळवलेली माती पाण्यात पुन्हा चिखल होते. परंतु भट्टीत ती सुमारे सहाशे अंशांपर्यंत तापली, की तिच्या घडणीत बद्ध असलेले पाणी निघून जाते आणि मग ती पूर्वस्थितीला येत नाही. अस्थींचेही असेच आहे. चितेत मांस-मज्जा जळते; कॅल्शियम फॉस्फेटचे खनिज मागे उरते, आणि साध्या पाण्यात ते फारच थोडे विरघळते. धातुपूजेची परंपरा निसर्गाच्या या नियमाच्या आधारानेच चालत आली.

आज स्तूपाची जागा जलाशयाखाली आहे. करंडक बडोद्यास आहे. भाजलेली वीट पाण्यातही दीर्घकाळ राहील. पण कोणती वीट कोठे रचली होती, हे तिला सांगता येत नाही. ते ज्ञान उरले, ते पाणी चढण्यापूर्वी घेतलेल्या मोजमापांमुळे आणि १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या उत्खनन-वृत्तांतामुळे.