तासभर फेटणे आणि चमचाभर सोडा

२०२० च्या एप्रिलात टाळेबंदी होती आणि आमच्या मुलीचा वाढदिवस त्यातच आला. बेकऱ्या बंद. तेव्हा आमच्या घरातला पहिला केक प्रेशर कुकरमध्ये झाला. तळाशी बोटभर जाडे मीठ पसरलेले, शिट्टी आणि रिंग काढून ठेवलेली, मिठात रोवलेल्या वाटीवर तूप चोपडलेला ॲल्युमिनियमचा डबा. कृती आईच्या जुन्या वहीतली होती: पाव किलो मैदा, साखर, लोणी, दूध आणि 'बेकिंग पावडर १ चमचा'. वाण्याकडे बेकिंग पावडर नव्हती, खाण्याचा सोडा होता. आम्ही म्हटले, एकच तर वस्तू! आणि चमचाभर सोडा घालून मोकळे झालो. केक फुगला खरा; पण रंग पिवळट तपकिरी आणि चव अशी, की आईने एक घास खाऊन शांतपणे विचारले, "साबणाचा हात लागला होता का रे?"

रसायनशास्त्रात पीएच.डी. असलेल्या माणसाला हा प्रश्न झोंबला. पण तो किती शास्त्रशुद्ध होता ते पुढे येईलच. सोडा आणि बेकिंग पावडर या दोन डब्यांमधला फरक समजून घेण्यासाठी आम्ही जरा मागे गेलो, तर अडीचशे वर्षांचा इतिहास निघाला. एरवी भट्टीच्या वाटेलाही न जाणारा माणूस आज तासाभरात केक करून खाऊ शकतो, तो या इतिहासाच्या जोरावर.

मैद्याचा गोळा भाजून हलका व्हायचा तर त्यात वायूचे बुडबुडे अडकायला हवेत. फुलक्यात हे काम वाफ करते. पावात यीस्ट करते. पण यीस्टला वेळ आणि ऊब लागते आणि साखर फार झाली की त्याचे काम मंदावते. म्हणून गोड, लोणकट केकसाठी युरोपात तिसरा मार्ग रूढ झाला, तो म्हणजे हाताने हवा भरण्याचा. अंडे फेटताना त्यातल्या प्रथिनांच्या गुंडाळलेल्या साखळ्या उलगडतात आणि हवेच्या बुडबुड्याभोवती त्यांचा पातळ पापुद्रा तयार होतो. भट्टीत ही हवा प्रसरण पावते, पापुद्रा घट्ट होतो आणि केक उभा राहतो.

सांगायला दोन ओळी पुरल्या, करायला पुरत नसत. हॅना ग्लास यांचे पाककृतींचे पुस्तक १७४७ साली लंडनला निघाले. पुस्तकाच्या नावातच 'साधी आणि सोपी' असे शब्द आहेत आणि घरकाम करणाऱ्या नोकर मुलींना कळावे म्हणून ते लिहिलेले आहे. त्यातल्या पाउंड केकसाठी लोणी, मैदा, साखर प्रत्येकी एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, आणि बारा अंडी लागतात. हे सारे एकत्र केल्यावर हाताने किंवा मोठ्या लाकडी चमच्याने तासभर फेटायचे. तासभर! ज्यांना यात विशेष वाटत नाही त्यांनी एका अंड्याचा पांढरा बलक काट्याने पाच मिनिटे फेटून पाहावा. मनगट बोलू लागते. त्यातून विटांची भट्टी आधी लाकडे जाळून तापवायची, निखारे ओढून काढायचे आणि उष्णता किती उरली हे अंदाजाने ठरवायचे. केक ही श्रीमंतांची वस्तू होती ती साखर महाग म्हणून, हे खरेच. पण तो तासही कुणाचा तरी विकत घेतलेला असे.

हा तास वाचवण्याची पहिली लेखी खूण सापडते ती अमेरिकेत, आणि ती राखेत आहे. तिकडे वसाहती करणारे लोक जंगले तोडून शेती करत होते. लाकडाची राख पाण्यात कालवून वरची निवळ आटवली की पोटॅश मिळे आणि ते भट्टीत तापवून पांढरे केले की 'पर्ल ॲश', म्हणजे मोत्यासारखी राख. रासायनिक भाषेत हे मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. साबण आणि काच यांसाठी त्याला मोठी मागणी होती. इतकी, की अमेरिकेच्या संघराज्याने दिलेले पहिलेच पेटंट, ३१ जुलै १७९० चे, सॅम्युएल हॉपकिन्स यांना पोटॅश आणि पर्ल ॲश करण्याच्या सुधारित पद्धतीसाठी मिळाले आणि त्यावर राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांची सही आहे. पुढे सहाच वर्षांनी, १७९६ मध्ये, हार्टफर्ड येथे अमेलिया सिमन्स यांचे 'अमेरिकन कुकरी' हे पुस्तक छापले गेले. लेखिका मुखपृष्ठावर स्वतःला 'एक अमेरिकन अनाथ' म्हणवते. तिच्याविषयी याहून फारसे कुणाला ठाऊक नाही. या पुस्तकातल्या बिस्किटांत आणि आल्याच्या केकमध्ये पर्ल ॲश आहे. कार्बोनेटला आंबट काही भेटले, समजा आंबलेले दूध किंवा काकवी, की कार्बन डाय-ऑक्साइड सुटतो. जे काम दंडाने तासभर करायचे ते राखेच्या चिमटीने काही क्षणांत होऊ लागले.

आता आपल्याकडे पाहू. खाराची ही करामत आपल्या बायकांना नवी नव्हती. उडदाच्या पापडात पापडखार घालतात तो याच कुळातला. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवराचे पाणी आम्लारिधर्मी आहे, कारण त्यात सोडियम कार्बोनेट व बायकार्बोनेट विरघळलेले आहेत. तिथे साबण आणि काच करण्याजोगे क्षार मिळतात अशी नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'आइन-इ-अकबरी'त आहे. म्हणजे खार होता, ताक-दह्याचा आंबटपणा होता. नव्हती ती घरातली भट्टी. चुलीवर तवा आणि कढई चढते, वरून आच लागत नाही. गोव्यात बेबिंक करताना झाकणावर निखारे ठेवतात ते ही उणीव भरून काढण्यासाठीच.

राखेवर जग फार काळ चालणे शक्य नव्हते. एक तर त्यासाठी जंगले जळत होती. दुसरे, पर्ल ॲश जरा जास्त झाली की लोण्यातल्या स्निग्धांशाशी तिची गट्टी जमून पदार्थाला साबणाची चव येई. (आमच्या आईला हा इतिहास ठाऊक नव्हता.) मिठापासून सोडा करण्याची रीत शोधणाऱ्याला फ्रेंच विज्ञान अकादमीने बक्षीस जाहीर केले होते. निकोला लब्लां यांनी ती शोधली आणि १७९१ मध्ये पेटंट घेतले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्यांचा कारखाना जप्त झाला आणि १८०६ साली त्यांनी आत्महत्या केली. त्यांची पद्धत मात्र इंग्लंडात अवाढव्य वाढली. मीठ आणि गंधकाम्ल तापवायचे, मग त्यात कोळसा आणि चुनखडी घालून पुन्हा भाजायचे, की सोडा मिळे; पण पहिल्याच पायरीला हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडे आणि तो धुरांड्यातून सरळ हवेत सोडला जाई. आसपासची झाडे वठली, पिके करपली. अखेर ब्रिटिश संसदेने १८६३ मध्ये अल्कली कायदा करून यातला निदान ९५ टक्के वायू पाण्यात शोषून घेण्याची सक्ती केली. त्या कायद्याचे पहिले निरीक्षक रॉबर्ट अँगस स्मिथ. 'आम्लवर्षा' हा आज पाठ्यपुस्तकात असलेला शब्द त्यांनी १८७२ च्या आपल्या ग्रंथात वापरला आहे. पुढे बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हे यांनी मीठ, चुनखडी आणि अमोनियाची तुलनेने स्वच्छ पद्धत आणली आणि लब्लांचे कारखाने मागे पडले.

हा सोडा केकसाठी कुणी केला नव्हता. तो साबण, काच आणि कापड यांसाठी होता. त्याच्यावर आणखी कार्बन डाय-ऑक्साइडची प्रक्रिया केली की सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खाण्याचा सोडा, मिळतो. स्वयंपाकघराला तो स्वस्तात लाभला इतकेच. केक सोपा झाला तेव्हा कष्ट सरले असे म्हणायचा मोह होतो. आम्हाला तसे वाटत नाही. नोकर मुलीच्या दंडातून ते कारखान्यातल्या मजुराकडे आणि धुरांड्याखालच्या शेतकऱ्याकडे गेले.

एक अडचण उरलीच होती. सोड्याला आम्ल हवे, आणि स्वयंपाकघरातले आम्ल बेभरवशाचे. आजचे दही आंबट, उद्याचे गोड. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत आणि यीस्टही. बर्ड यांनी १८३७ मध्ये बायकोसाठी बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली होती. १८४३ मध्ये त्यांनी सोडा आणि द्राक्षांपासून मिळणाऱ्या टार्टारिक वर्गातले कोरडे आम्ल एकाच डब्यात घातले. कोरडे आहेत तोवर दोघे शेजारी गुपचूप बसतात. पाणी पडले की भिडतात. दमट हवेने आतच भांडण होऊ नये म्हणून सोबत स्टार्च असते. ही झाली बेकिंग पावडर. वर्गात हे दाखवायला लिंबूसत्त्व आणि सोडा पुरेत. कोरड्या वाटीत दोन्ही मिसळून मुलांना दोन मिनिटे पाहू द्यावे, मग चमचाभर पाणी ओतावे.

द्राक्षांचे आम्ल दारूच्या पिंपांना आतून धरणाऱ्या पुटातून काढत, त्यामुळे अमेरिकेत ते युरोपातून मागवावे लागे. हार्वर्डचे प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड यांनी, हे लिबिगचे विद्यार्थी, १८५६ मध्ये त्याऐवजी कॅल्शियम आम्लफॉस्फेटचे पेटंट घेतले. मैदा दळताना धान्यातली फॉस्फेटे कोंड्याबरोबर जातात, ती परत मिळावीत असाही त्यांचा हेतू होता. हे फॉस्फेट ते हाडांपासून करत. शाकाहारी वाचकांनी दचकू नये. आज ते खनिज खडकापासून करतात. जर्मनीत आउगुस्ट ओएटकर या औषधविक्रेत्याने १८९० च्या दशकात आणखी एक साधीच गोष्ट केली. अर्धा किलो पिठाला नेमकी पुरेल इतकी पावडर त्याने पुडीत बांधून विकली. मोजण्याची चूकच नको! नवशिक्याला याहून मोठी मदत कोणती असेल असे आम्हाला, अनुभवान्ती, वाटत नाही.

आपल्याकडे हे सारे बेकरीच्या दारातून आले. दिवाळीच्या आधी आई मैदा, रवा, तूप आणि पिठीसाखर डब्यांत भरून कोपऱ्यावरच्या बेकरीत नेई आणि नंबर लावून नानकटाई भाजून आणी. भट्टी बेकरीवाल्याची, जिन्नस आपले. नानकटाईला ना अंडे लागते ना यीस्ट. बेकरीवाले बिस्किटांत घालतात तो 'अमोनिया' म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट. तापवले की त्याचा सगळ्याचाच वायू होतो, मागे काही उरत नाही. पातळ बिस्किटातून अमोनिया उडून जातो, जाड केकमध्ये मात्र वास कोंडतो, म्हणून तो केकला चालत नाही. सोड्यासाठी आपण बराच काळ विलायतेवर अवलंबून होतो. ओखामंडळच्या किनाऱ्यावर मिठापूर येथे टाटा केमिकल्सची स्थापना १९३९ मध्ये झाली; गावाचे नावच कच्चा माल सांगते. घरातल्या भट्टीची सोय तर आपल्या गृहिणींनीच लावली: कढईत वाळू, कुकरमध्ये मीठ. ती कृती कुण्या एकीच्या नावावर नाही, वह्यांतून वह्यांत उतरत गेली. (करणार असाल तर शिट्टी आणि रिंग काढाच, आणि जुनेच भांडे घ्या, कोरडी आच नव्या कुकरला मानवत नाही.)

आता आमच्या फसलेल्या केकचा हिशेब. एका छोट्या चमच्यात सुमारे ५ ग्रॅम सोडा मावतो. पुरेसे आम्ल मिळाले तर त्यातून सुमारे दीड लिटर कार्बन डाय-ऑक्साइड निघेल. आमच्या केकमध्ये दूध होते, दही नव्हते. म्हणजे आम्ल जवळजवळ नाहीच. मग सोडा नुसत्या उष्णतेने फुटतो, वायू निम्माच निघतो आणि ५ ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम सोडियम कार्बोनेट मागे राहते. सोडियम कार्बोनेट म्हणजेच धुण्याचा सोडा. आईचे निदान अचूक होते. उरलेल्या केकचा चुरा पाण्यात भिजवून आम्ही त्यात हळद टाकली, तर ती लाल झाली. मुलीला तिच्या वाढदिवसाची एवढीच गोष्ट आता नीट आठवते.

मग दह्याचे गणित मांडले. आंबट दह्यात साधारण १ टक्का लॅक्टिक आम्ल धरले तर पाव किलो दह्यात ते अडीच ग्रॅम झाले. ९० ग्रॅम लॅक्टिक आम्लाला ८४ ग्रॅम सोडा लागतो. म्हणून अडीच ग्रॅमला सुमारे २.३ ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा चमचा. पुढच्या रविवारी दूध काढून दही घातले, आणि आईच्या वहीत 'बेकिंग पावडर १ चमचा' याखाली पेन्सिलीने लिहिले: 'नसल्यास सोडा अर्धा, सपाट. दही आंबटच हवे.' आईने ते वाचले, पेन्सिल घेतली आणि पुढे 'चाळून' हा शब्द वाढवला.