एफए कप : पुनर्सामन्यांचा वाद

1871 मध्ये सुरू झालेली इंग्लंडची बाद पद्धतीची फुटबॉल स्पर्धा. बरोबरी झाली की पाहुण्यांच्या मैदानावर पुन्हा सामना, ही तिची जुनी रीत. युरोपीय सामन्यांची गर्दी वाढल्याने 2024-25 पासून मुख्य स्पर्धेतून ती हद्दपार झाली; निकाल आता जादा वेळेत किंवा पेनल्टींवर.

छोट्या क्लबांना हे झोंबले, कारण मोठ्या मैदानावरच्या सामन्याच्या तिकिटांचे उत्पन्नही दोन्ही संघांत वाटले जाते. 2005 मध्ये कर्जात बुडालेल्या, लीगबाहेरच्या एक्सेटर सिटीने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर 0-0 असे रोखले. पुनर्सामना ते हरले, पण दोन सामन्यांच्या गल्ल्याने क्लब सावरला. उलट जानेवारी 2025 मध्ये पाचव्या श्रेणीतल्या टॅमवर्थने टॉटनहॅमला नव्वद मिनिटे गोल करू दिला नाही; जुन्या नियमाने त्यांना लंडनच्या साठ हजारी स्टेडियमवरचा सामना मिळाला असता. मिळाले काय, तर जादा वेळेत खाल्लेले तीन गोल!

फ्रान्सच्या राष्ट्रीय कपची वाट वेगळी. तिथे दोन किंवा अधिक श्रेणी खालचा क्लब आपोआप यजमान होतो. चौथ्या श्रेणीतला काले हा क्लब 2000 मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता. यजमानपदाने उलटफेराची संधी वाढते. छोट्या क्लबच्या तिजोरीला मात्र मोठ्या मैदानावरचा पुनर्सामनाच अधिक फळतो.